ऐंशी टक्क्यांचा नियम

सायकल गॅलरीतून काढली तेव्हा मागच्या टायरमध्ये बोट रुतत होतं. दिवाळीपासून हात लावलेला नाही. ट्यूबलेस टायर हलवून पाहिला तर आत काहीच खळखळेना, म्हणजे सीलंट, छोटी भोकं आतूनच बुजवणारं ते पातळ रसायन, वाळून त्याची साय झालेली. पूर्वी दर दोन महिन्यांनी मी ते न चुकता भरायची. आता बाटलीही रिकामी. तशीच हवा मारली, एक ट्यूब आणि पंप पिशवीत टाकला आणि सव्वासहाला पडेगावहून निघाले.

जानेवारीतला रविवार. आपल्याकडची थंडी कोरडी असते, ओठ फाडते आणि नऊ वाजले की ऊन पाठ भाजायला लागतं, तेव्हा कपडे नेमके कसले घालावेत हे मला बारा वर्षांत जमलेलं नाही. चांगले हातमोजे क्लबातल्या एका मुलीला देऊन टाकलेत, उरले ते अर्ध्या बोटांचे. मिटमिट्यापर्यंत ब्रेकवरची बोटं माझी आहेत की कुणाची, कळत नव्हतं.

शरणापूर फाटा, मग दौलताबाद. दिवसा किल्ल्याच्या कोटाच्या दरवाज्यात एसटी आणि जीपगाड्या समोरासमोर अडकतात आणि शिव्यांचा पाऊस पडतो. सकाळी तिथं फक्त दोन कुत्री होती. इथून जाताना मला हल्ली तुघलक आठवतो. 1327 मध्ये त्यानं दिल्लीची माणसं इथं आणली आणि काही वर्षांनी परत जायला सांगितलं. शाळेत आम्ही त्याला हसायचो. आता वाटतं, आणायचा हुकूम चुकला असेल, पण परत फिरायचा हुकूम काढताना बिचाऱ्याला काय काय ऐकावं लागलं असेल!

पुढचा घाट मला पाठ आहे. या घाटाच्या वेळांची एक वही आहे माझ्याकडे, मिनिटं आणि सेकंद. रविवारी घड्याळ लावलं नव्हतं तरी दुसऱ्या वळणावर डोक्यानं आपोआप हिशेब केला, ‘मागे पडलीस’. कुणाच्या मागे? रस्त्यावर मी एकटी!

सगळ्यांना सांगितलंय की गुडघ्यामुळे शर्यती सोडल्या. गुडघा दुखायचा हे खरं, पण तो सगळ्यांचाच दुखतो. खरं कारण लिहूनच टाकते.

माउंटन बाइकच्या क्रॉस कंट्री शर्यतीत ठरावीक लॅप, म्हणजे एकाच वाटेच्या फेऱ्या, असतात. आघाडीवरच्या खेळाडूला पहिल्या लॅपला जेवढा वेळ लागला, त्याच्या 80 टक्के वेळेनं तुम्ही मागे पडलात की तुम्हाला उतरवतात. म्हणजे तिची लॅप 14 मिनिटांची असेल, तर तुम्ही 11 मिनिटं 12 सेकंद मागे पडलात की खेळ संपला. नियम बरोबरच आहे, नाहीतर पुढच्या मुली मागच्यांना गाठतात आणि अरुंद वाटेवर सगळ्यांचाच गोंधळ होतो. पहिल्यांदा मला उतरवलं तेव्हा मी हेल्मेट घालूनच रडले होते. परतीच्या रेल्वेत खोक्यात बांधलेल्या सायकलीला टेकून रात्र काढली, सकाळी घरी येऊन संध्याकाळी पुन्हा घाट.

शेवटच्या शर्यतीत चौथ्या लॅपच्या शेवटी पंचांनी हात आडवा धरला. आणि मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यावर वाटतं तसं. सर पाण्याची बाटली घेऊन धावत आले, त्यांचा चेहरा पडलेला. मी गुडघा धरून बसले. त्या दिवसापासून तो गुडघा मी धरूनच आहे.

आईला मात्र वेगळीच काळजी. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळाले तेव्हापासून तिला वाटत होतं की पुढे नोकरीही त्यातूनच लागेल. खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण तिथं नुसता सहभाग चालत नाही. आता मी वाळूजला कारखान्यात शिफ्टमध्ये क्वालिटीला आहे. सायकलीचा तिथं काही उपयोग नाही.

खुलताबादहून म्हैसमाळ 12 किलोमीटर. मी डांबरी सोडून गाडवाटेला लागले, आणि वीसेक मिनिटांत मागचं चाक फसकन बसलं. बांधावर सायकल उलटी केली. सीलंट ओलं असतं तर सराटे तसेच राहू देऊन पुढे जाता आलं असतं. आता ट्यूब घालायची म्हणजे एकेक काटा काढणं आलं. टायरच्या आतून अंगठा फिरवायचा, टोचलं की थांबायचं, बाहेरून चिमटीत धरून ओढायचं. सात सराटे आणि एक बाभळीचा काटा, बोटाच्या पेराएवढा. बधिर अंगठ्याला तेवढीच एक गोष्ट नीट कळत होती.

पलीकडच्या शेतातून एक आजी आल्या. “पैज लावून चालली का गं?”

“नाही आजी. आधी लावायचे.”

“मग आता?”

गुडघा अगदी जिभेवर आला होता. “कंटाळा आला,” म्हणाले.

“येतो की. मलाबी कापूस येचायचा येतो.” मग थोडं थांबून, “पर कापूस येचावाच लागतो. तुला कोण म्हणतंय?”

त्यांच्या आगटीत गोवऱ्यांचा विस्तव होता. नातवानं ज्वारीची कणसं खुपसली, काढली, हातावर चोळून फुंकर मारली. हिरवा, गरम हुरडा, सोबत लसणाची चटणी. माझा हात पहिल्यांदा तिथंच ऊबदार झाला. आजींनी सायकलीची किंमत विचारली, मी अर्धीच सांगितली, तरी त्या म्हणाल्या, “एवढ्यात म्हैस आली असती.”

म्हैसमाळला गेलेच नाही. माथ्यावरचा टॉवर समोर दिसत होता, पण साडेदहा झाले होते आणि दुपारी शिफ्ट होती. निघताना आजींनी पाच-सहा कणसं हातात कोंबली. ती जर्सीच्या मागच्या खिशात गेली, जिथं शर्यतीत ताकदीसाठी खायच्या जेलची पाकिटं असायची. घाट उतरताना त्यांची कुसं पाठीत टोचायला लागली. उतारावर हँडल सोडता येईना. शेवटी वळणावर थांबले, सायकल कठड्याला लावली आणि मनसोक्त पाठ खाजवली. मागून एक मुलगा रेसिंग सायकलवर भर्रकन गेला. त्यानं वळून पाहिलं, मी खाजवतच होते.