दोन मध्यम, लागोपाठ

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला. गणिताच्या सरांवर निम्मा वर्ग लिहिणार हे उघड आहे, तेव्हा मी आपला संगीताच्या खोलीत शिरतो.

नववीत असताना थोरल्या भावाने टाकून दिलेली साधी गिटार आणि एक कॅसेट माझ्या हाती लागली. कॅसेटवर डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ होतं, १९७२च्या ‘मशीन हेड’ या अल्बममधलं. तळ्याकाठच्या कॅसिनोला लागलेल्या खऱ्याखुऱ्या आगीवरचं गाणं आहे हे नंतर कळलं. तेव्हा शब्द कुणाला कळत होते! वेड लावलं ते सुरुवातीच्या बारा स्वरांनी. आधी तीन, मग चार, मग पाच.

एका तारेवर ते अर्ध्या तासात बसले. पण कॅसेटमधला आवाज रुंद, माझा सुतळीसारखा. वरच्या वर्गातल्या एकाने पॉवर कॉर्डचा तोडगा दिला: खाली मूळ स्वर, वर त्याचा पंचम. वाजवून पाहिलं, तर सगळं बोजड झालं. त्यात टेपरेकॉर्डरचे सेल उतरत आलेले. मी इमानेइतबारे त्या मंदावलेल्या टेपला गिटार जुळवली. दुसऱ्या दिवशी नवे सेल घातले आणि गाणं माझ्या अंगावरून वर निघून गेलं.

शेवटी टेपरेकॉर्डर उचलून संगीताच्या बाईंकडे गेलो. ओरडा बसेल या तयारीने. बाईंनी डोळे मिटून ऐकलं, पुन्हा लाव म्हणाल्या, आणि पेटीवर पांढरी पाच ही पट्टी सा धरून वाजवू लागल्या. सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म... इथे हात थांबला. “तीव्र मध्यम आणि त्याला लागून शुद्ध? ही मंडळी ललित राग ऐकून बसलीत की काय?” मग लगेच, “अर्थात ललितात गंधार शुद्ध असतो हो.” बाई काहीच अर्धवट सोडत नसत.

पुढचं त्यांनी सांगितलं नाही, ऐकायला लावलं. “वरचा स्वर सोड. खाली कोण आहे?” चौथ्या-पाचव्या वेळी ऐकू आला. सा वाजत असताना त्याच्या खाली मंद्र पंचम होता. मी पंचम वर शोधत होतो, तो खाली बसला होता. तेच दोन स्वर, फक्त उलटे. गिटारवर तर हे हास्यास्पद सोपं निघालं: तिसरी आणि चौथी तार, दोन्हींवर एकच बोट आडवं. मोकळ्या, तिसरा पडदा, पाचवा; मोकळ्या, तिसरा, सहावा, पाचवा; मोकळ्या, तिसरा, पाचवा, तिसरा, मोकळ्या.

तरी ठसका येईना. पिक, म्हणजे तारा छेडायची चपटी चकती, फिरवलं की एक तार आधी वाजे, दुसरी मागून धावत येई. अंगठा आणि तर्जनीने दोन्ही तारा एकदम चिमटून ओढल्या, तेव्हा तो ‘धप्’ आला. मूळ गिटारवादक रिची ब्लॅकमोरही हा भाग बोटांनीच वाजवतो, हे पुष्कळ वर्षांनी वाचलं आणि उगाच छाती फुगली. मोकळ्या तारा मात्र गुंजत राहून पुढच्या स्वरात मिसळत. त्या वेळेवर गप्प करायला डाव्या हाताला शिकवण्यात दोन महिने गेले. स्वर शोधण्यापेक्षा ते कठीण होतं.

“यात पेटीसुद्धा आहे,” बाई एकदा म्हणाल्या. मी हसलो. पण त्यांचंच खरं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनानंतर ऑर्गन त्याच सुरावटीत सामील होतो. बँडच्या जॉन लॉर्डने तो गिटारच्या अॅम्प्लिफायरमधून घेतलाय, म्हणून गिटारच वाटतो. म्हणजे मी इतके दिवस सहा तारांतून ऑर्गन काढायला बघत होतो.

स्नेहसंमेलनात आम्ही ते वाजवलं. गायलं कुणीच नाही. ताल कवायतीच्या ड्रमवर. पहिली दोन आवर्तनं मी एकटाच, आणि मागच्या रांगांत चुळबुळ सुरू झालेली. तिसऱ्याला बाईंनी भाता ओढला, आणि माझी गिटार एकदम रुंद झाली. तीव्र मध्यम आला तेव्हा बाईंनी माझ्याकडे बघून एक भुवई वर केली.