दुसऱ्या पाळीचे फोल्डर

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यासाठी मी मागच्या हिवाळ्यात पायथन या संगणकीय भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. काम ऐकायला अगदी साधे होते: जेकार्ड या नक्षी विणणाऱ्या मागाच्या डिझाईनच्या फाईली आणि प्रत्येक पाळीच्या उत्पादनाच्या नोंदी ऑफिसातल्या विंडोजच्या संगणकावरून उचलायच्या आणि कोपऱ्यात ठेवलेल्या लिनक्सच्या संगणकावर रोज रात्री नीट लावून ठेवायच्या. दोन दिवसांत देतो, असे मी मालकांना सांगून बसलो आणि जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उलगली तरी माझी झटापट चालूच होती. फाईल उघडणे, वाचणे, लिहिणे यांत एकही अडचण आली नाही. साऱ्या अडचणी फाईल कुठे आहे हे सांगण्यात, म्हणजे पाथमध्ये आल्या.

पहिली ठेच नेहमीचीच होती. डी ड्राइव्हवर इंग्रजी छोट्या अक्षरांत ‘न्यू’ नावाचे फोल्डर होते आणि त्यात ‘टॉवेल’ नावाचे दुसरे. मी तो पाथ जसाच्या तसा अवतरणचिन्हांत चिकटवला. पायथनच्या साध्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अवतरणचिन्हांतल्या मजकुरात, बॅकस्लॅशनंतर (\ या खुणेनंतर) आलेला एन म्हणजे नवी ओळ आणि टी म्हणजे टॅब, त्यामुळे दोन्ही नावांची पहिली अक्षरे गळाली आणि प्रोग्राम भलतेच काहीतरी शोधू लागला. टॉवेलच्या गावात टॉवेलचाच टी गिळला जावा, याचे मला त्या वैतागातही हसू आले. स्ट्रिंगच्या आधी आर लावला की हा प्रश्न सुटतो, आणि विंडोजवर पायथनला साधा स्लॅश दिला तरी चालतो. मुळात हा उलटा स्लॅश आला कुठून, तर युनिक्स या जुन्या प्रणालीमध्ये फोल्डरची नावे / या खुणेने वेगळी होत असली तरी डॉस या विंडोजच्या पूर्वजाच्या पहिल्या आवृत्तीत ती खूण कमांडचे पर्याय देण्यासाठी आधीच वापरात होती. 1983 मध्ये डॉस 2.0 मध्ये डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, आल्या तेव्हा त्यांच्यासाठी \ घ्यावी लागली. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या अडचणीची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

यानंतर मी स्ट्रिंग जोडत बसणे सोडले आणि पायथनच्या पाथलिबकडे वळलो, जे खरे तर पहिल्या दिवशीच करायला हवे होते. 2014 मध्ये पायथन 3.4 बरोबर आलेले हे मोड्यूल, म्हणजे तयार कोडचा संच, पाथला निव्वळ अक्षरांची माळ मानत नाही. ड्राइव्ह कोणता, वरचे फोल्डर कोणते, नाव काय, एक्स्टेन्शन (नावातल्या टिंबानंतरचा शेवटचा तुकडा) काय, हे सारे त्याला वेगवेगळे विचारता येते, आणि दोन तुकडे भागाकाराच्या चिन्हाने जोडता येतात. मात्र उजवीकडचा तुकडा स्वतःच पूर्ण पाथ असेल, तर डावीकडचे सारे मुकाट्याने टाकून दिले जाते. सेटिंगच्या फाईलमध्ये कोणीतरी नावाच्या सुरुवातीला एक जादा स्लॅश ठेवला होता, आणि लिनक्सवर माझ्या फाईली बॅकअपच्या फोल्डरऐवजी थेट मुळाशी, म्हणजे सर्वांत वरच्या फोल्डरात, लिहिल्या जाऊ पाहत होत्या. परवानगी नसल्यामुळे प्रोग्राम थांबला, म्हणून निभावले.

दुसरी गोष्ट सोलापूरकराला समजावणे सोपे आहे. सात रस्ता चौकातून डावीकडे वळा, असे कोणी सांगितले तर आपण आधी विचारतो की येणार कुठून. सापेक्ष, म्हणजे मुळापासून न दिलेल्या, पाथचे तसेच असते: तो प्रोग्रामच्या फाईलपासून मोजला जात नाही, तर प्रोग्राम चालू होताना चालू डिरेक्टरी जी असेल तिथून मोजला जातो. मी माझ्या टर्मिनलवरून प्रोग्राम चालवत होतो तेव्हा तो योग्य फोल्डरात उभा असे. ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये ‘स्टार्ट इन’चा रकाना रिकामा सोडून तोच रात्री अकराला लावला, तेव्हा तो विंडोजच्या सिस्टिम 32 या फोल्डरात उभा राहून आमच्या नोंदी शोधू लागला. आता मी पायथनला प्रोग्रामच्या स्वतःच्या फाईलचा पूर्ण पाथ विचारतो आणि तिथूनच बाकीचे सारे पाथ बांधतो.

एक चूक मात्र निखळ माझी होती, आणि ती महागात पडली. कारखान्यातले डिझायनर काका मोराच्या दुसऱ्या नक्षीच्या पाचव्या दुरुस्तीला ‘मोर 2.5’ असे नाव देतात. मी मूळ फाईलचे एक्स्टेन्शन काढून उरलेले नाव नव्या फोल्डरला जोडले आणि छोटे चित्र बनवण्यासाठी त्यावर एक्स्टेन्शन बदलणारे ‘विथ सफिक्स’ चालवले. पाथलिबच्या दृष्टीने शेवटच्या टिंबानंतरचे जे काही असेल ते एक्स्टेन्शन, त्यामुळे ‘.5’ उडाले आणि चित्राचे नाव ‘मोर 2’ झाले. पुढच्या ‘मोर 2.6’चेही तेच झाले आणि एकावर एक चित्रे लिहिली गेली. एक्स्टेन्शन बदलायचे नसून जोडायचे असेल, तर ते नावाच्या शेवटी सरळ जोडावे, हे मी तेव्हापासून पाळतो.

आता शीर्षकातल्या फोल्डरकडे येतो, कारण पाच दिवस त्यानेच खाल्ले. नोंदींची फोल्डरे ‘पहिल्या पाळीचे’, ‘दुसऱ्या पाळीचे’ आणि ‘तिसऱ्या पाळीचे’ अशी होती. प्रोग्राममध्ये मी तीच नावे टाईप केली. पहिल्या पाळीचे फोल्डर सापडे. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीची फोल्डरे अस्तित्वातच नाहीत, असे उत्तर येई. ती समोर पडद्यावर दिसत होती. मालक माझ्या खांद्यावरून पाहून म्हणाले, “सर, दिसायला तर सारखंच आहे की.” नाव पुन्हा टाईप केले, जागा तपासल्या, संगणक बंद करून सुरू केला. शेवटी मी त्याच ठिकाणी ‘दुसऱ्या पाळीचे’ असे नवे फोल्डर तयार करून पाहिले, आणि विंडोजने ते विनातक्रार करू दिले. एकाच नावाची दोन फोल्डरे शेजारी शेजारी उभी होती.

मग दोन्ही नावांतल्या ‘दुसऱ्या’ या शब्दाची लांबी मोजली. एक सात निघाली, दुसरी आठ. मराठीतला हा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, एकाहून अधिक तऱ्हांनी लिहिता येतो: एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त, तर दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे एक जोडचिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. पडद्यावर दोन्हींचे रूप सारखेच येते. साध्या र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊनही तेच साधते. डिस्कवरच्या फाईली सांभाळणारी फाईलसिस्टिम मात्र रूप पाहत नाही. तिला अक्षरांचे क्रमांक जुळायला हवेत. ‘पहिल्या’मध्ये हा र नाही, म्हणून ते फोल्डर निमूटपणे सापडत होते.

पायथनच्या युनिकोडडेटा मोड्यूलमधले नॉर्मलाइझ हे वेगवेगळ्या तऱ्हा एकसारख्या करणारे फंक्शन अशा वेळी सुचवले जाते. ते नुक्त्याचा र आणि स्वतंत्र ऱ यांना एक करते, पण जोडचिन्हाच्या तऱ्हेला हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी त्या दोन्ही समान नाहीत. मग न दिसणारी चिन्हे सरसकट काढून टाकावीत, असा मोह मलाही झाला. तसे केले की ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते, दऱ्यांचा दर्या होतो आणि स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याला आपण शाळेतल्या आचार्याच्या खुर्चीत बसवतो. त्यामुळे मी आधी र, हलन्त आणि जोडचिन्ह हे तिघे एकत्र आले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवतो, आणि मग नॉर्मलाइझ करतो. महत्त्वाचे म्हणजे हे फक्त तुलनेपुरते. फोल्डर उघडताना डिस्कवरचे नाव जसे आहे तसेच द्यावे लागते, नाहीतर पुन्हा ‘सापडत नाही’चा पाढा सुरू होतो. म्हणून प्रोग्राम सुरुवातीला सारी नावे वाचतो आणि दुरुस्त केलेल्या नावावरून खरा पाथ मिळावा अशी एक डिक्शनरी, म्हणजे जोड्यांची यादी, मनाशी बांधून ठेवतो.

फाईली लिनक्सवर जाऊ लागल्यावर आणखी एक गाठ उरली. काकांना फाईलच्या नावातच गिऱ्हाईक, रंग, माप आणि तारीख लिहायची सवय आहे. विंडोज नावाची मर्यादा अक्षरांत मोजते आणि ती 255 आहे. लिनक्सच्या ईएक्सटी4 फाईलसिस्टिमची मर्यादाही 255 आहे, पण ती बाइटमध्ये, म्हणजे साठवणीच्या छोट्या एककांत, आहे. यूटीएफ-8 या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त हे सारे वेगळे मोजले जातात, म्हणजे हाती उरतात 85. एकट्या ‘दुसऱ्या’लाच 21 बाइट लागतात. अकरा फाईली या कारणाने विंडोजवरच अडकून राहिल्या. प्रोग्रामने नावे आपोआप छाटावीत, असा पर्याय मी मालकांपुढे ठेवला नाही. ‘मोर 2’च्या अनुभवानंतर तेवढा धीर नव्हता. त्या अकरा नावांची यादी छापून काकांना दिली, आणि त्यांनी चहा संपेपर्यंत पेन्सिलीने प्रत्येक नावातून गिऱ्हाइकाचे आडनाव खोडून ती परत केली.