न तोडलेला बिल्ला

इटलीला जायचे कारण मोंतोने हे गाव होते. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मन मशीनगनवर एकट्याने धावून गेलेल्या नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ तेथे सूर्यघड्याळ उभारले आहे, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या माझ्या काकांना ते डोळ्यांनी पाहायचे होते. ते पाहून झाले. पुढच्या चार दिवसांतील चर्च, चौक आणि जेवणे मला आता धड आठवतही नाहीत. आठवते ते काकांनी परतीच्या वाटेवर विचारलेले, "अरे, समोर जे होते ते दिसायचे कसे?"

म्हणून आम्ही वाटेवरच्या एका लहानशा खाजगी संग्रहालयात शिरलो, आणि तेथे माझा संताप झाला. 'जर्मन पायदळाचा सैनिक, 1944' अशी पाटी लावलेल्या पुतळ्याच्या डाव्या बाहीवर गरुड शिवलेला होता. जर्मन भूसेनेचा गरुड उजव्या छातीवर, खिशाच्या वर असतो. बाहीवर तो वाफेन-एसएसचे, म्हणजे नाझी पक्षाच्या एसएस संघटनेच्या लढाऊ दलाचे लोक लावत. कमरेच्या बकलावर मात्र 'गॉट मिट उन्स', म्हणजे 'देव आमच्यासोबत', हे भूसेनेचे शब्द होते. दोन निरनिराळ्या दलांचे सामान एकाच अंगावर चढवल्यामुळे जो कधी जन्मालाच आला नाही असा माणूस तेथे उभा केला गेला होता. युद्धात कोण कोठे होते आणि कोणी काय केले, याचा हिशेब ज्या खुणांवर लागतो, त्या खुणांशी अशी हेळसांड मला सहन होत नाही.

त्याच पुतळ्यावर काही गोष्टी अचूकही होत्या, आणि त्या मी काकांना एकेक करून दाखवल्या. खांद्यावरच्या पट्टीची किनार पांढरी होती, म्हणजे पायदळ. तोफखान्याची लाल असते. कोटाच्या खिशांवर चुण्या नव्हत्या, कारण 1943 पासून कापड आणि शिवणकाम वाचवण्यासाठी त्या काढून टाकण्यात आल्या. पट्ट्याला दोन्ही बाजूंना काडतुसांचे तीन-तीन कप्पे होते. प्रत्येकात 10, म्हणजे एकूण 60 गोळ्या. छातीवरचा रुपेरी बिल्ला, ज्यावर ओकच्या पानांच्या वेढ्यात संगीन लावलेली रायफल असते, तो तीन वेगवेगळ्या दिवशी हल्ल्यात भाग घेतल्यावर मिळत असे. काकांनी परवानगी मागून लोखंडी टोपाच्या कडेवरून बोट फिरवले. ती कड आत दुमडलेली नव्हती, नुसती कापून सोडलेली होती. 1942 नंतर उत्पादनाचा वेळ वाचवण्यासाठी तसे करू लागले. "घाईत होते म्हणजे," एवढेच काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एका गावच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात, गंजलेल्या चाव्या आणि चमचे यांच्या शेजारी, जस्ताचा एक लांबट गोल बिल्ला 60 युरोला विकायला ठेवलेला दिसला. हा जर्मन सैनिकाच्या गळ्यातील ओळखबिल्ला. मध्यभागी लांबट भोकांची एक ओळ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकच मजकूर ठोकलेला असतो. सैनिक पडला की खालचा अर्धा भाग मोडून नोंदीसाठी पाठवायचा आणि दोरीचा वरचा अर्धा देहासोबत राहू द्यायचा, असा नियम होता. हा बिल्ला अखंड होता आणि भोकांमध्ये वाळलेली माती अडकलेली होती. युद्धातून जिवंत परतलेल्यांचे बिल्लेही अखंडच असतात, हे खरे. पण मातीने भरलेला बिल्ला बहुधा अशा देहावरून निघालेला असतो, ज्याची नोंद कोणीच केली नाही. त्यावर नावही नसते, फक्त तुकडीचे संक्षिप्त रूप, क्रमांक आणि रक्तगट. तुकडीही बहुधा भरतीच्या वेळची, मेला त्या वेळची नव्हे. बिल्ला काढून नेला की खाली उरलेल्या हाडांना नाव देण्याचा मुख्य मार्गच बंद होतो.

काकांनी तो तळहातावर घेऊन बराच वेळ धरला. "याच्या घरी कळले असेल का रे?" त्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही. तो विकत घेतला असता, तर जमीन उकरणाऱ्याला आणखी एक बिल्ला काढण्याचे निमित्त मिळाले असते. म्हणून घेतला नाही, आणि तो निर्णय मला अजूनही पुरता पटलेला नाही.

फ्लॉरेन्स आणि बोलोन्या यांच्यामधल्या फुता खिंडीत 30 हजारांहून अधिक जर्मन सैनिकांच्या कबरी आहेत. त्या उतारावर आम्ही संध्याकाळपर्यंत चाललो. परत आल्यावर, अशा नोंदी ज्यांच्याकडे आहेत त्या बर्लिनमधील संघीय अभिलेखागाराला मी पत्र लिहिले. बिल्ल्यावरची अक्षरे बाजारातच वहीत उतरवून घेतली होती; ती जशीच्या तशी लिहिली, आणि झिजून गेलेल्या एका आकड्याची जागा रिकामी सोडली.