केवढ्या मोठ्या अक्षरांनी

पप्पांच्या मोबाईलवर बायबल घालून दिलं, त्या दिवशी अक्षरं मोठी करण्याचा कार्यक्रम बराच वेळ चालला. "अजून थोडी." "अजून." असं करत शेवटी पडद्यावर जेमतेम आठ-नऊ शब्द उरले. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही.' संपला पडदा. हिरवी कुरणं हवी असतील तर बोट सरकवा. मी मनात म्हटलं, अशाने एक स्तोत्र वाचायला संध्याकाळ व्हायची. पप्पा मात्र खूश. "आता दिसतंय," म्हणाले.

त्यांचं छापील बायबल अजून उशाशीच असतं. शिवण सुटलेली, स्तोत्रांची पानं बोटं लागून लागून काळपट झालेली, समासात पेन्सिलने घातलेल्या तारखा. कुठल्या तारखेला काय झालं होतं, ते मात्र लिहिलेलं नाही. ते त्यांना आणि देवाला ठाऊक. पण डोळ्यांत मधोमध धुकं उतरल्यापासून त्या बारीक टायपाशी त्यांचं जमेना.

अक्षरं मोठी करता करता मला पौल आठवला, येशूचा संदेश गावोगाव नेणारा प्रेषित. गलतीकरांना, म्हणजे गलतिया प्रांतातल्या मंडळ्यांना, लिहिलेल्या पत्रात शेवटी तो म्हणतो, पाहा, मी स्वतःच्या हाताने केवढ्या मोठ्या अक्षरांनी तुम्हाला लिहिलंय. कोणी म्हणतात त्याची दृष्टी अधू होती, कोणी म्हणतात मुद्दा ठसवायचा होता. मी पहिल्यांच्या बाजूचा, कारण उघड आहे. पौल पत्रं तोंडी सांगायचा आणि दुसरा कोणी लिहून घ्यायचा. रोमकरांना पाठवलेलं पत्र तर्तियस नावाच्या माणसाने लिहून घेतलं, आणि शेवटी शेवटी या गृहस्थाने 'हे पत्र लिहिणारा मी तर्तियस' म्हणत आपलाही सलाम मध्येच सरकवून दिला. मीही हल्ली मोबाईलला बोलून मजकूर सांगतो. तो निमूट लिहून घेतो, चुकाही भरपूर करतो, पण स्वतःचा सलाम काही कोणाला पाठवत नाही.

माझं वाचन पप्पांच्या अगदी उलट. वचन अर्धवट आठवतं, दोन शब्द टाइप करतो, वचन हजर. पूर्वी तेच शोधताना यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून यिर्मयाच्या पुस्तकात, तिथून विलापगीतात भटकंती व्हायची आणि जे शोधत नव्हतो तेच हाताला लागायचं. लूकने आपल्या शुभवर्तमानात नासरेथच्या सभास्थानातला, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनागृहातला, प्रसंग सांगितलाय. येशूच्या हाती यशयाची गुंडाळी दिली जाते, तो ती उलगडतो आणि हवी ती जागा काढतो. या ओळीवरून मी कितीदा तरी घाईने पुढे गेलो होतो. मग मृत समुद्राजवळच्या गुहेत १९४७ च्या सुमारास सापडलेल्या यशयाच्या गुंडाळीविषयी वाचलं. लांबी सात मीटरहून जास्त, ५४ स्तंभ, आणि लिहिलेली येशूच्या जन्माच्याही शंभरेक वर्षं आधी. त्याने वाचलेला भाग आज ६६ पैकी ६१ व्या अध्यायात येतो, म्हणजे जवळजवळ शेवटाला. तेव्हा अध्यायांना आकडे नव्हते. नासरेथची गुंडाळी अशीच असेल, तर मीटरच्या मीटर चामडं एका हाताने सोडत दुसऱ्याने गुंडाळत जायचं आणि मजकूर ओळखून थांबायचं. सगळे टक लावून बघत असताना. अख्खा यशया पाठ असल्याखेरीज हे कसं जमणार?

ते आकडे फार उशिरा आले. अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मपंडिताने पाडले. नव्या कराराला, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागाला, आजचे वचनांचे क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये दिले. त्याचा मुलगा सांगतो की बापाने हे काम पॅरिसहून लियाँला जाताना, प्रवासात उरकलं. म्हणून काही वचनं भलत्याच ठिकाणी तुटतात, तिथे घोडा ठेचकाळला असणार, असा एक जुना विनोद आहे. विनोद सोडा, पण वचन सुटं झालं ते तेव्हापासून. सुटं झालं म्हणूनच ते आज सकाळी सातला उगवत्या सूर्याच्या चित्रावर बसून माझ्या मोबाईलवर येऊ शकतं.

यिर्मया २९:११ त्यात सगळ्यांत लाडकं. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला आशा देणारे आहेत. परीक्षेच्या आदल्या दिवशी, नोकरीच्या मुलाखतीआधी मीही ते पुढे ढकललेलं आहे. वरचं दहावं वचन मात्र कधी कोणाच्या चित्रावर दिसलं नाही. त्यात बाबेलची सत्तर वर्षं पुरी झाल्यावर तुम्हाला परत आणीन, असं आहे. हे सगळं बाबेलला बंदिवासात नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं पत्र आहे. घरं बांधा, मळे लावा, तिथेच राहा, असं सांगणारं. ते ऐकणाऱ्या कितीतरी जणांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. छापील पानावर दहावं वचन अकराव्याच्या डोक्यावरच बसलेलं असतं. टाळायचं म्हटलं तरी नजर पडते.

लिहिण्याच्या बाबतीत तर माझी अवस्था आणखी वाईट. मध्यंतरी एका मित्राची आई अतिदक्षता विभागात होती. त्याचा निरोप आल्याबरोबर मी जोडलेले हात आणि 'प्रार्थनेत आठवण आहे' एवढं पाठवलं, आणि पुढचा निरोप उघडला. प्रार्थना रात्री झोपताना आठवली. तीही अर्धी झोपेत. योहानाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पत्राचा शेवट जवळजवळ सारखाच आहे. लिहायचं पुष्कळ आहे, पण कागद आणि शाई नको, भेटीला येईन आणि समोरासमोर बोलू. दोन्ही पत्रं इतकी छोटी की प्रत्येकी एका कागदात मावतील. कागद-शाईचीही त्याला अडचण वाटत होती. मी त्या मित्राकडे गेलो, पण चार दिवसांनी. तो म्हणाला, "बरं झालं आलास." निरोपाचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

एवढं बोलून मी मोबाईलवरच वाचतो, हे कबूल करायला हवं. रात्री दिवा न लावता, कूस न बदलता वाचता येतं, आणि एका बोटाच्या अंतरावर चार भाषांतरं असतात. पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, येताना माझा झगा आण, पुस्तकं आण आणि विशेषतः चर्मपत्रं आण, असं कळवलं होतं. ते ओझं वाहणाऱ्या तीमथ्यालाही ही सोय आवडली असती.

काल संध्याकाळी पप्पांच्या खोलीत डोकावलो. ते खुर्चीत बसले होते, हातात मोबाईल, पडद्यावर तेच आठ-नऊ शब्द. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. अर्ध्या मिनिटाने पडदा काळा झाला. मोबाईलचा हिशेब सरळ असतो. बोट हललं नाही म्हणजे वाचणारा उठून गेला. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी विचारलं, "सेटिंग बदलून देऊ? सारखा विझतो तो."

"कोण विझतो?" पप्पा म्हणाले.