हरणीला घेऊन पुण्याच्या डॉग शोला: दोन दिवस, ६,७०० रुपये

पहाटे साडेतीनला सांगली सोडली. मागची सीट पाडून सतरंजी अंथरली होती. एका बाजूला माझी कारवानी कुत्री हरणी (कारवानी म्हणजे आपल्याकडची सडपातळ, वेगवान शिकारी जात), दुसऱ्या बाजूला मिरजेच्या मित्राचा कारवानी नर, मध्ये जाळी. पेठ नाक्यावर हायवेला लागेपर्यंत दोघंही गाढ झोपली. उजाडायच्या सुमाराला खंबाटकीचा बोगदा ओलांडला आणि आठच्या आत मैदानावर होतो.

दोन वर्षांपूर्वी हाच दौरा मला १५ हजारांच्या घरात पडला होता. एकट्याची गाडी, दोन रात्री लॉज, वर हँडलर, म्हणजे रिंगमध्ये जजसमोर कुत्रं फिरवणारा भाड्याचा माणूस. या वेळी एक गाडी दोघांत, एकच रात्र मुक्काम, आणि रिंगमध्ये मी स्वतः. दोन दिवसांच्या दोन शोंची एंट्री ३,६००, डिझेल आणि टोलचा माझा वाटा १,६००, लॉजचा ८००, खाणंपिणं ७००. लॉज ठरवताना कुत्रं चालेल का हे फोनवर विचारून घ्याच. रात्री दारात नकार मिळाला की मिळेल त्या भावात खोली घ्यावी लागते.

एंट्री शेवटच्या तारखेआधी भरा, उशिरा भरली की दर वाढतो. आणि कुत्रीचा माज वहीत लिहून ठेवा. हरणी साधारण सात महिन्यांनी माजावर येते. एकदा हा हिशोब न करता मी एंट्री भरली आणि शोच्या आठ दिवस आधी ती माजावर आली. अशा कुत्रीला नरांच्या गर्दीत न्यायचं नाही म्हणून घरी राहिलो. पैसे परत मिळाले नाहीत. आता आधी वही बघतो, मग फॉर्म भरतो.

शनिवारी रिंगमध्ये पाच कारवानी होती. जजनं ओठ वर करून दात बघायला हात पुढे केला आणि हरणीनं मान मागे घेतली. दुसऱ्यांदाही घेतली. तिसऱ्या वेळी मी तिच्या गळ्याखाली दोन बोटं टेकवून हळूच नाव घेतलं, तेव्हा कुठे तिनं दात दाखवले. धावली मात्र अशी, की कडेला उभी असलेली माणसं बोलायची थांबली. दुसरी आली. माझ्या मते पहिला नंबर त्या दातांवरच गेला. हे घरी फुकटात शिकवता येतं: रोज संध्याकाळी शेजाऱ्याला, दूधवाल्याला, भाच्याला तिचे दात बघू द्या. अनोळखी हाताची सवय झाली की हँडलरचे दिवसाला अडीच हजार वाचतात. रविवारी ती शांत उभी राहिली, पण नंबर आला नाही. त्या दिवशी समोरची बाकीची कुत्री खरोखर सरस होती.

शोच्या आधी महिनाभर खाऊ घालून गुबगुबीत करण्याचा खर्च तर करूच नका. हे हाउंड, म्हणजे शिकारी कुत्रं आहे, सडपातळच शोभतं. हरणी ज्वारीची भाकरी, ताक, अंडी आणि आठवड्यातून तीनदा चिकनवर आहे, पुण्यातही डबा घरचाच होता. पाणीसुद्धा कॅनमधून घरचं नेलं. एकदा बाहेरच्या पाण्यानं जुलाब लागले होते, तेव्हापासून ही सवय.

मैदानावर सगळ्यात जास्त चर्चा पिल्लांच्या पैशाची. शोचा खर्च पिल्लं विकून निघेल, या भरवशावर कुणी राहू नये, असं मला मनापासून वाटतं. हरणीच्या पहिल्या वेताला सहा पिल्लं झाली. एक नरवाल्याला दिलं, आमच्याकडे मेटिंगचा मोबदला तोच. एक मी ठेवलं. उरली चार. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, हा केंद्राच्या २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांतला दंडक आहे आणि तो योग्यच आहे. पण तोवर जंताचं औषध, लस, दूध, खाणं सगळं आपल्याकडे. त्यातच एकाला पार्व्हो झाला, हा पिल्लांना उलट्या-जुलाब लावणारा जीवघेणा विषाणू. चार दिवस सलाइन, मी त्याच्या पुढच्या पायाची सुई धरून रात्रभर बसलेला. पिल्लू वाचलं, ६,००० गेले. चौघांचे पैसे आले तेव्हा वहीत जमा आणि खर्च जवळपास सारखेच निघाले.

त्या वेळी एक खर्च मात्र सार्थकी लागला. मेटिंगला पंचावन्न दिवस उलटल्यावर काढलेला एक्स-रे. सहा पिल्लं आहेत हे आधी कळलं होतं, म्हणून सहावं झाल्यावर आत एखादं अडकलंय का या भीतीनं मध्यरात्री डॉक्टरांकडे पळावं लागलं नाही. आणि कुत्री अठरा महिन्यांची व्हायच्या आत मेटिंग करू नका. तेही नियमात आहे.

लस पूर्ण न झालेली पिल्लं कुणी हौसेनं शोला आणू नयेत. रेबीजच्या लसीचं कार्ड आणि मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा) नंबर मात्र हाताशी ठेवा, मी दोन्ही गाडीच्या डॅशबोर्डवरच ठेवले होते.

रविवारी चारला निघालो. सांगलीत पोचलो तेव्हा दहा वाजले होते. हरणीनं पाणी प्यायलं, सतरंजीवर तीन फेऱ्या मारल्या आणि झोपली. तिचा पुढचा माज फेब्रुवारीच्या शेवटी येईल. त्याआधी कोल्हापूरच्या बाजूला शो असला तर येणार का, हे मिरजेच्या मित्राला आत्ताच विचारून ठेवलंय.