ब्रेस घोट्याचा, निर्णय मांडीचा

शनिवार, रात्र

एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा ब्रेस, घ्यायचा हे ठरून बरेच महिने झाले, अडलं होतं ते कोणता घ्यायचा यावर. आज अखेर उजव्या पायाचं प्लास्टरचं माप देऊन आले. तिथे जे कळलं ते विसरायच्या आत लिहून ठेवते.

माझा आजार एफएसएचडी. मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या, म्हणजे स्नायू हळूहळू अशक्त होत जाणाऱ्या आजाराच्या, या प्रकाराचं नाव चेहरा, खांदा आणि दंड यांच्यावरून पडलंय, पण नडगीच्या पुढचा स्नायूही यात बऱ्याच जणांचा लवकर जातो. चवडा उचलायचं काम त्याचं. तो अशक्त झाला की पाऊल लोंबतं आणि बोटं उंबरठ्याला, चटईच्या कडेला, फरशीच्या सांध्याला अडकतात. हा आजार दोन्ही अंगांना सारखा धरतोच असं नाही. माझं डावं पाऊल अजून नीट उचललं जातं, त्यामुळे ब्रेस फक्त उजव्याला.

आजच्या ऑर्थोटिस्टनी, म्हणजे ब्रेस बनवणाऱ्या तज्ज्ञांनी, घोट्याला हात लावायच्या आधी मांडी तपासली. खुर्चीत बसवून गुडघा सरळ करायला लावला, वरून हाताने दाबून बघितला. मग चालायला लावलं, उठायला-बसायला लावलं. म्हणाले, "ताई, घोटा आपण धरून ठेवू शकतो. मांडी किती धरते ते आधी बघू या." मला फार बरं वाटलं. आजवर सगळ्यांनी फक्त पाऊल बघितलं होतं.

त्यामागचं कारण त्यांनी दोन दांड्यांच्या मध्ये चालवूनच दाखवलं. चाचणीचा कडक ब्रेस चढवला, घोटा काटकोनात पक्का. एरवी टाच टेकली की चवडा हळूहळू जमिनीवर उतरतो. घोटा जखडला की ते होत नाही, मग नडगीच पुढे ढकलली जाते आणि गुडघा वाकतो. मांडी भक्कम असेल तर हा झटका सावरते. माझा गुडघा दर पावलाला पुढे कचकत होता आणि हात आपोआप दांडीवर जात होते.

सोलापूरच्या माझ्या मैत्रिणीचं असंच झालं. तिला लिंब-गर्डल आहे, डिस्ट्रॉफीचाच कंबर-खांद्याभोवतीचे स्नायू धरणारा प्रकार. मांड्या अशक्त, त्यामुळे ती गुडघे मागे रेटून, पोटरीच्या ताणावर उभी राहते. बघणाऱ्याला ती उभं राहण्याची पद्धत विचित्र वाटते, पण तिचा सगळा तोल त्यावर आहे. एका ठिकाणी तिला दोन्ही पायांना कडक ब्रेस करून दिले. पाय सरळ दिसायला लागले आणि पहिल्याच पावलाला गुडघे मोडले. नवऱ्याने धरलं म्हणून वाचली. चाल सुधारायच्या नादात तिचं उभं राहणंच काढून घेतलं, याचा मला आजही राग येतो. डिस्ट्रॉफीत शरीराने वर्षानुवर्षं शोधून काढलेल्या युक्त्या असतात. त्या कोणत्या आणि कशासाठी आहेत हे कळल्याशिवाय कुणी त्यांना हात लावू नये.

कार्बन फायबरचाही घालून बघितला. हलका, आणि पावलाला पुढे उसळी देणारा. पायाच्या टोकाला वजन कमी असणं आम्हाला किती मोलाचं असतं ते संध्याकाळी जिना चढताना कळतं. पण तयार कार्बन नंतर तापवून वाकवता येत नाही आणि किंमत प्लास्टिकच्या कित्येक पट. माझा पाय दोन वर्षांनी असाच असेल याची खात्री नाही. प्लास्टिक निदान हीट गनने गरम करून टोचतं तिथे फुगवता येतं. म्हणून पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचाच घेतला, मागून पातळ पट्टी असलेला, घोट्यात थोडा लवणारा.

माप घेणं मला आवडलं. पायावर पातळ मोजा चढवून त्यांनी ओल्या शाईपेन्सिलने घोट्याची हाडं, नडगीची कड, करंगळीमागचं हाड अशा खुणा केल्या. पुढून एक रबरी नळी ठेवली, वर प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळली. आधी गार, मग चांगलं गरम. घट्ट झाल्यावर नळीच्या रेषेवर कापून साचा काढला तर आतल्या बाजूला जांभळ्या खुणा जशाच्या तशा उमटलेल्या. हाडं कुठे आहेत हे साचाच पुढे सांगतो, आणि तिथे प्लास्टिकला जागा सोडतात.

बुटांवरून घरी बरंच बोलणं झालं. ब्रेस बुटाशिवाय चालत नाही, आणि आपण चपला दाराशी काढणारी माणसं. घरातच जास्त अडखळते, म्हणजे तिथेच तो हवा. आईला देवघराची काळजी. घरातले बूट वेगळे, ते उंबऱ्याबाहेर जाणार नाहीत म्हटल्यावर म्हणाली, "मग ते पायमोज्यासारखेच झाले की. ये आत." तिने एवढ्या सहज म्हटलं की डोळे भरून आले.

घरातल्या आणि बाहेरच्या बुटांची टाच मात्र सारख्या उंचीची लागेल. टाच उंच झाली की नडगी पुढे कलते आणि गुडघ्याचा तोच प्रश्न. बूट थोडा मोठा, आतला सोल निघणारा. गुडघ्यापर्यंतचे सुती मोजे बाजारात मिळेनात, फुटबॉलचे घेतले.

सुरुवातीला थोडा थोडा वेळ घालायचा. काढल्यावर त्वचेवरचा लाल वण अर्ध्या तासात गेला नाही तर परत जायचं. आमची संवेदना शाबूत असते, त्यामुळे दुखलं तर कळतं, आणि कळलं की सांगायचं. सवय होईल म्हणून सोसत बसायचं नाही.

ट्रायल शुक्रवारी. ब्रेसची घोट्याजवळची कड आधी पुढपर्यंत ठेवतील, मग घासून मागे नेतील. प्लास्टिक कमी करता येतं, परत जोडता येत नाही. कड पुढे असली तर पाऊल घट्ट धरलं जाईल, पण खुर्चीवरून उठताना नडगी पुढे झुकणार नाही. आज मी हाताचा टेकू न घेता उठते, आणि ते मला सोडायचं नाही. म्हणून ऑफिसातल्या खुर्चीची उंची मोजून कागदावर लिहून घेतलीय. तेवढ्या उंचीच्या स्टुलावरून उठून बघितल्याशिवाय कड पक्की करू देणार नाही.