आईच्या केमोच्या गोळ्या
आजपासून आईच्या कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सुरू झाल्या. सलाइनमधून दिली जाणारी केमोथेरपी परिचारिकेच्या देखरेखीखाली होते. गोळीच्या बाबतीत मात्र ती सारी दक्षता घरच्यांनाच घ्यावी लागते, याची जाणीव दिवसभर होत राहिली. हे औषध सकाळ-संध्याकाळ साधारण १२ तासांच्या अंतराने, जेवणानंतर ३० मिनिटांच्या आत, पाण्याबरोबर घ्यायचे असते आणि बहुधा १४ दिवस घेऊन ७ दिवस थांबायचे असते. म्हणून विश्रांतीचे दिवसही मी कॅलेंडरवर वेगळ्या रंगाने लिहून ठेवले. गोळी तोडायची किंवा कुटायची नाही आणि इतरांनी ती हातमोजे घालूनच हाताळायची, कारण तिची पूड निरोगी माणसालाही अपायकारक ठरू शकते. एखादी मात्रा चुकली, तर पुढची दुप्पट घ्यायची नाही, हे आईला मी पुन्हा पुन्हा सांगितले, कारण राहिलेले काम भरून काढण्याचा तिचा स्वभाव आहे. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर ती डॉक्टरांना आधीच सांगावी लागतात.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्रास न लपवणे. तळहात-तळपाय लाल होऊन दुखू लागले, तोंड आले, जुलाब थांबेनासे झाले किंवा ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता, मध्यरात्र असली तरी, आम्ही रुग्णालयात फोन करणार आहोत.